आधार कुठल्या ओळीत?

मार्गशीर्ष शुद्ध ४, शके १७८६. अमरावती.

माझं लिखाण छापून आलं! मुंबईच्या पत्रात, शेवटच्या पानावर, सही ‘एक वऱ्हाडवासी’. गोवर्धनशेठच्या आवारात कापसाला पाणी मारून वजन वाढवतात, ते सगळं. ‘पागोटी वाकत होती, उठत होती, आणि कापूस सचैल स्नान करीत होता’ – हे वाक्य मीच पुन्हा पुन्हा वाचलं. निर्लज्जपणा!

शुद्ध ६.

शेठला कुणीतरी वाचून दाखवलं. मुंबईच्या खरेदीदाराच्या इथल्या माणसानं त्याच्या गाड्या परत धाडल्या आहेत. भर बाजारात ओरडला म्हणे – “ज्यानं लिवलं त्याचा हात सरकी काढाच्या रेच्यात घालतो!” मागल्या साली एका गड्याचा हात खरोखरच गेला होता त्या रेच्यात. चुकून, म्हणतात.

माझा उजवा हात दिवसभर उपरण्याखाली.

शुद्ध ८.

महिनाभर पोरांना पदकृत्य शिकवतो आहे. कर्त्यानं, म्हणजे लिहिणाऱ्यानं, हाच शब्द का घातला? काढला तर काय जातं? आणि तू म्हणतोस त्याला आधार कुठल्या ओळीत? ‘मले वाटते’ म्हणणाऱ्यानं खाली बसायचं. पुस्तकं थोडी, म्हणून म्हटलं, घरी असेल तो छापील कागद आणा. देवीदासनं – वलगावच्या पाटलाचा, वर्गात सर्वांत तल्लख – तेच पत्र काढलं!

“पंतोजी, या लिवणाऱ्याले पागोटीच दिसली. तोंड एकाचंबी नाई.”

“मग?” मी. जीभ चावायला हवी होती.

“पुढल्या ओळीत पागोट्याच्या मंधातली खोच लिवली हाये. खाली उभ्या मानसाले माथा कसा दिसन? हा वरून पाहून राहिला होता.”

सगळी डोकी खिडकीकडे वळली. आवाराला लागून माडी एकच – आमची शाळा.

“आधार अपुरा,” मी म्हणालो. “बस खाली.”

साफ खोटं. इतकं पक्कं अनुमान मला माझ्या शास्त्रीबुवांनीही कधी करून दाखवलं नव्हतं.

शुद्ध ९.

अकोल्याच्या शाळेत बदली मागावी? आत्ता मागितली तर तोही आधारच!

शुद्ध ११.

शेठचा मुनीम माडी चढून आला. “तुमचं एक पोरगं लिवणं पाहून लिवणारा वळखते म्हनते. शेठनं बलावलं त्याले.” देवीदासला खाली आवारात घेऊन गेला. मी अडवलं नाही. उठूनसुद्धा उभा राहिलो नाही.

दुपार गेली. इतर पोरांना धातू घोकायला लावले आणि जिन्याकडे पाहत बसलो.

आला! धड, दोन्ही हातांनिशी.

“काय सांगितलंस रे?”

“म्हटलं, मले वाटते लिवणारा आकोल्याकडचा असन.”

“आधार मागितला असेल त्यानं.”

“मांगला ना! म्हटलं, आधार द्याचं आजून शिकून राहिलो.”

हसला नाही. मान खाली घालून पाटी पुसत होता. कोरीच होती ती.

वद्य २.

मुनीम रोज खाली उभा असतो आणि खिडकीकडे पाहतो. मी खिडकीकडे पाठ करून शिकवतो.

वद्य १३.

नवा अंक आला. ‘एक वऱ्हाडवासी’चं दुसरं पत्र. तेच आवार, तोच शेठ. पण यात गड्यांची तोंडं आहेत, चिखलातले पाय आहेत, गाडीच्या आखाखालून दिसलेली भिजकी सरकी आहे. माडीवरून यातलं काहीच दिसत नाही. वाचणारा म्हणेल – लिहिणारा खालचा, आवारातलाच.

हे मी लिहिलेलं नाही. पण आवारात उतरून आलेलं पोरगं माझ्या वर्गात एकच आहे.

देवीदास आज शाळेत नाही. मुनीमही खिडकीखाली नाही.

खाली जातो. शेठला कर्ता सांगायचा आहे – मीच, आधारासकट.