डावखुऱ्या हाताचा जोड

वडगाव मावळ,
९ जून

प्रिय अमृत,

पाकिटामागचं नाव वाचून तू हे पत्र न उघडताच टाकून दिलंस तरी मला बोलायला जागा नाही. उघडलं असशील तर एवढंच मागतो, शेवटपर्यंत वाच. मध्येच राग आला तर बाजूला ठेव, दोन गेट वेल्ड करून ये आणि मग पुढचं वाच. कामशेतला तुझी स्वतःची शेड आहे, पवनेकाठच्या बंगल्यांची फाटकं तू करतोस, हे मला गेल्याच महिन्यात कळलं. कुणाकडून ते पुढं येईल. फोनही करता आला असता. नंबर मिळाला होता, तीनदा लावला आणि रिंग जायच्या आत कापला. उभा जन्म पोरांवर "घाबरायचं काय त्यात" म्हणून ओरडणाऱ्या मास्तराची ही गत आहे.

मे महिन्यात आम्हाला लोणावळ्याला उन्हाळी प्रशिक्षणाला पाठवलं होतं. पंधरा दिवस, निवासी. शाळांचे आणि तंत्रशिक्षण संस्थांचे मिळून तीस शिक्षक. यंदा काही शाळांत आठवी-नववीला हत्यारं आणि यंत्रांची ओळख हा विषय सुरू होतोय, म्हणून विज्ञानाच्या बाईसुद्धा होत्या. मला निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. आता मला कोण काय शिकवणार, असं मी घरी म्हणालो, तर बायको म्हणाली, जा, निदान थंड हवा तरी खाऊन याल. पहिल्या दिवशी प्रत्येकानं उठून नाव आणि अनुभव सांगायचा होता. मी "राजेंद्र असवले, फिटर, तीस वर्षं" असं म्हणालो तेव्हा मागून कुणीतरी "बापरे" म्हटलं. खाली बसताना माझी छाती जरा फुगली होती हे कबूल करतो.

ती फुगलेली छाती दुसऱ्याच दिवशी उतरली. संगणकावर चालणारं कटिंगचं मशीन, त्याचा प्रोग्रॅम आपण लिहायचा, हत्यार कुठून कुठं जाणार ते आकड्यांत सांगायचं आणि बटण दाबून बाजूला उभं राहायचं. शिकवायला तेजल मॅडम, कारखान्यात काम केलेली, माझ्या मुलीच्या वयाची. चांगली शिकवायची, तिचा दोष नाही. पण माझी बोटं लोखंड घासायच्या कानशीवर चालतात, कीबोर्डवर एक अक्षर शोधेपर्यंत तिचं पुढचं वाक्य संपलेलं असायचं. आपल्या वर्कशॉपमध्ये मागच्या बाकावर जी पोरं मान खाली घालून बसायची आणि ज्यांना मी "झोप झाली का राजे" म्हणून टोमणे मारायचो, तसा मी बसायला लागलो. शंका विचारायची तर तीस वर्षं आडवी यायची.

एका संगणकावर दोघं. माझ्या जोडीला आंदर मावळातल्या एका माध्यमिक शाळेतल्या स्नेहल बाई आल्या. पस्तिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या शाळेत यंत्र तर सोडच, दुपारनंतर गावात एसटीसुद्धा येत नाही. तरी त्या वहीत सगळं उतरवून घ्यायच्या, संध्याकाळी सगळे चिक्की घ्यायला बाजारात गेले की परत एकदा करून बघायच्या. मी अडलो की न विचारताच त्यांची वही माझ्याकडे सरकवायच्या. चारचौघांत मला कमीपणा येईल असं एकदाही वागल्या नाहीत. मला तेव्हा वाटलं, वयाचा मान ठेवतायत.

बाराव्या दिवशी परीक्षा होती. सगळ्यांना एकच आकृती, प्रत्येकानं आपला प्रोग्रॅम लिहून द्यायचा, मग मशीनवर तसा तुकडा कापून बघायचा. अकराव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्या चार ओळीही झाल्या नव्हत्या. बाई जेवायला गेल्या आणि त्यांचा प्रोग्रॅम समोर उघडाच होता. अमृत, मी तो उचलला. वर माझं नाव घातलं, माझ्या पेन ड्राइव्हवर घेतला आणि जेवायला जाऊन दोन वाट्या आमरस खाल्ला.

पकडला जाणारच होतो. मी फिटर, मला त्यातलं काय दिसणार होतं? बाईंनी एका ठिकाणी हत्यार गरज नसताना दोनदा वर उचललं होतं. चूक नव्हती, नवख्या माणसाची धास्ती होती. तीच ओळ माझ्यातही होती. तेजल मॅडमनं तीस जणांसमोर दोघांना उभं केलं आणि विचारलं, कुणी कुणाचं घेतलंय? आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि मग समजुतीच्या सुरात म्हणाली, "मॅडम, शाळेकडच्या लोकांना हे नवीन असतं. सरांचं बघून लिहिलं असेल तर सांगा, काही होत नाही." अख्खा वर्ग बाईंकडे बघत होता. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी चष्मा काढून पुसायला लागलो. तो चांगला स्वच्छ होता. बाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांना दुसरी आकृती देऊन समोर बसवलं आणि त्यांनी वीस मिनिटांत नवा प्रोग्रॅम लिहून दिला, तरी मागून कुणीतरी हसलंच. समारोपाला मला प्रमाणपत्र मिळालं, "उत्कृष्ट" असा शेरा घालून. मी ते हसून घेतलं, फोटोही काढला.

तू आता म्हणत असशील, हे मला कशाला सांगतोय हा म्हातारा. समारोप झाल्यावर सगळे बॅगा घेऊन निघाले. बाई पायऱ्यांवर थांबल्या होत्या. म्हणाल्या, "सर, माझं माहेर बेडशाचं. अमृत माझा दादा. तुम्ही नाव सांगितलंत तेव्हाच ओळखलं होतं मी. परीक्षेच्या दिवशी बोलले नाही, कारण मला बघायचं होतं, या वेळी तरी तुम्ही बोलता का." आवाज चढवला नाही, काही नाही. वाकून बॅग उचलली आणि स्टेशनकडे चालायला लागल्या. मी तिथंच पायरीवर बसलो. शिपाई येऊन विचारून गेला, सर, बरं वाटत नाही का.

आता बावीस वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाचं लिहितो. तुला सगळं ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलेलं नाहीस. वर्षअखेरीचा जोड होता, लोखंडाचे दोन तुकडे एकमेकांत असे बसायला हवेत की मधून उजेड दिसता कामा नये. तुझा तसा बसला होता. आदल्या दिवशी तू तो आपल्या नंबराचा ठसा मारून फळीवर ठेवला होतास. सकाळी तुझ्या जागी कुणाचा तरी वेडावाकडा जोड होता आणि तुझा जोड वर्गातल्या आदिनाथच्या हातात, आदिनाथच्या नंबराचा. तू भर वर्कशॉपमध्ये ओरडलास. मी दोन्ही जोड घेतले आणि खिडकीपाशी गेलो. बाकीच्यांना वाटलं सर तपासतायत. अमृत, मला तपासायला काही लागलंच नाही. वर्गात डावखुरा तू एकटा. सगळी पोरं डावा पाय पुढं टाकून उभी राहायची, तू उजवा टाकायचास, आणि तुझ्या कानशीच्या रेघा सगळ्यांच्या उलट्या बाजूला कलायच्या. त्या जोडावर तशाच रेघा होत्या. जुना नंबर घासून काढल्याचा खळगा बोटाला लागत होता. मी मागं वळलो आणि म्हणालो, नंबर आदिनाथचा आहे, जोड आदिनाथचा आहे, आणि दुसऱ्याच्या कामावर हक्क सांगणारा चोर मला वर्गात नको.

मला माहीत होतं. हे वाक्य मी कागदावर लिहून बघतोय, कारण इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तेव्हा नीट कळलं नव्हतं. आदिनाथचे वडील संस्थेच्या मंडळावर होते. मी आठ वर्षं तासिका तत्त्वावर काढली होती आणि त्या जूनमध्ये मला कायम करायचं का हे मंडळ ठरवणार होतं. मला कुणी धमकावलं नाही, कुणी गळ घातली नाही. मीच मनात हिशोब केला. आणि खरं सांगायचं तर हे एवढंच कारण नव्हतं. तू बौद्धवस्तीतला होतास. तुझ्या बाजूनं बोलायला मंडळावर कुणी येणार नाही आणि तू चोरलंस म्हटलं तर गावाला नवल वाटणार नाही, हे मला त्या खिडकीपाशी उभं असताना पक्कं ठाऊक होतं. मी ते वापरलं. याची मला इतकी शरम वाटते, की हे लिहिताना मी दोनदा उठून अंगणात जाऊन आलो. तो जोड मी त्याच दुपारी भंगाराच्या ढिगात टाकला. जूनमध्ये मी कायम झालो.

दुसऱ्या दिवशी तुझे आबा आले. तू बाहेर कडुनिंबाखाली उभा होतास. आबांनी दोन्ही हात जोडून "जयभीम सर" म्हटलं आणि मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलो. ते म्हणाले, "सर, पोरगं म्हनतंय मी न्हाई केलं. आमी अडानी मान्सं, आमाला त्यातलं काय कळतंय? तुमी त्याचं मास्तर हाय. तुमी सांगाल ते मी खरं मानीन. पोरानं उचललं का न्हाई, एवढंच सांगा." माझ्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी मोठा माणूस माझ्यासमोर बसायलाही तयार नव्हता. मी म्हणालो, उचललं. आबा "बरं" म्हणाले, बाहेर गेले आणि तुझ्या हाताला धरून निघाले. तू एकदा मागं वळून पाहिलंस. वर्कशॉपला तू परत आला नाहीस, परीक्षेला बसला नाहीस, आणि मी हजेरीपटात तुझ्या नावावर रेघ मारली.

लोणावळ्याहून आल्यावर चार दिवस काढले आणि मग परत जाऊन प्रशिक्षण केंद्राच्या प्रमुखांकडे लेखी दिलं, की तो प्रोग्रॅम स्नेहल बाईंचा, मी चोरला, प्रमाणपत्र परत घ्या. ते म्हणाले, "कशाला वाढवताय सर, दोन वर्षं राहिलीत." मी कागद टेबलावर ठेवूनच उठलो. पत्राची प्रत आमच्या प्राचार्यांना आणि सगळ्या तीस जणांना पाठवली. प्रशिक्षणाच्या ग्रुपवर फक्त तेजल मॅडमनं बाईंची जाहीर माफी मागितली. शाबासकीसाठी हे सांगत नाहीये. सोपं होतं ते, तिथं नोकरी जाणार नव्हती.

मग मी स्नेहलला फोन केला. तुझी शेड आणि तुझा नंबर मला तिच्याकडूनच कळले. म्हटलं, मी लेखी दिलंय. ती म्हणाली, "माझं ठीक आहे, सर. मी तिथंच दुसरा करून दाखवला. दादाला कुणी दुसरा जोड करायला दिला नाही." मग तिनं एक गोष्ट सांगितली. म्हणाली, घरात आजही काही हरवलं, पैसे असोत नाहीतर विळा, आबा तोंडानं काही बोलत नाहीत, पण आधी दादाकडे बघतात. सोन्यासारखा संसार केला दादानं, आबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन त्यानंच करवलं, तरी बघतात.

हे मी केलंय, अमृत. म्हणून हे पत्र. आधी वाटलं होतं, सगळं लिहून धाडावं आणि तू ते आबांना वाचून दाखवावंस. मग लक्षात आलं, आबांना अक्षर येत नाही. तू हातात कागद धरून "सर म्हणतात मी चोर नव्हतो" असं वाचशील आणि त्यांना वाटेल पोरगाच बनवून सांगतोय. ज्या तोंडानं उचललं म्हटलं त्याच तोंडानं सांगायला हवं. मला बेडशाला येऊ दे. वस्तीतली चार माणसं बोलाव, आदिनाथच्या घरचं कुणी बोलावलंस तरी चालेल, त्या सगळ्यांच्या देखत मी आबांपुढं उभा राहून सांगेन. तू माफ करावंस म्हणून येत नाहीये. मला पाणीही विचारू नकोस. फक्त आबांची ऐंशी झाली असेल, तेव्हा लवकर कळव. "ये" एवढंच लिहिलंस तरी त्याच दिवशी निघेन.

तुझाच म्हणण्याची लायकी नसलेला,
राजेंद्र असवले