फिल्टर कापून पाहिला

सोमवार, १ डिसेंबर

भूपेशनं गाडीला तेलाचा फिल्टर बसवलाच! मला न विचारता! छत्तीस सालची मॉरिस, जिला जन्मापासून फिल्टर नाही, तिला उल्हासनगरच्या एका शेठच्या दुकानातून डबा लटकवून आणला. वर मलाच ऐकवतो — "शेठ बोलला, साईं, चाय को भी छन्नी लगती है."

चहा! साधं तेल घाला, आठशे किलोमीटरला बदला, इंजिनखालचं तेलाचं चेंबर उतरवून गाळ हातानं काढा. जुन्या इंजिनला एवढं पुरतं. बावीस वर्षं सांगतोय. फिल्टर आळशी माणसाला लागतो.

गाडी ठेवून घेतली. डबा कापूनच दाखवतो त्याला. रिकामा असणार.

मंगळवार, २ डिसेंबर

कापला. आतल्या कागदाच्या घड्या उलगडून ट्यूबलाइटखाली धरल्या. चंदेरी कण! करवतीचा कीस असेल म्हटलं. लोहचुंबक फिरवलं — कीस चिकटून आला, कण तिथंच. एक नखानं दाबला. चपटा झाला.

व्हाइट मेटल. बेअरिंगच्या आतला मऊ धातू. म्हणजे बेअरिंग झिजतंय.

ही बेअरिंगं मी ओतलीत. अंबरनाथच्या माझ्या शेडमध्ये, गेल्या वर्षी. आयटीआयची पायरी न चढता, पुस्तकं वाचून शिकलेलं काम. ओतण्याआधी प्रत्येक रॉड, पिस्टनचा दांडा, नीट तापवायचा असतो. दोन नंबरच्या वेळी गॅस संपत आला होता. चालेल म्हटलं. मी! चालेल!

बुधवार, ३ डिसेंबर

फिल्टरचे पाइप बंद करून इंजिन चालू केलं, लांब स्क्रूड्रायव्हर ब्लॉकला टेकवला, मूठ कानाला. एक, तीन, चार नंबरचे सिलिंडर गप्प. दोन — टक. टक.

गुरुवार, ४ डिसेंबर

भूपेश आला. रविवारी त्याच्या लेकीचं, जिज्ञासाचं, लग्नाआधीचं शूटिंग माळशेज घाटात. याच गाडीत. बेअरिंग नव्यानं करायला मला तीन आठवडे लागतील.

"काय निघालं, मास्तर?"

"काही नाही. बोललो नव्हतो?"

"शेठची जिरवली ना! जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर टाकतो आताच."

टाकलंही. चाळीस जणांनी लाइकचे अंगठे टाकले.

फिल्टरचे उरलेले पाइपही काढून टाकले. इंजिनात गिअरबॉक्सचं जाड तेल भरलं. टकटक दबली. गाडी विकताना चोर असं करतात. चोर हा शब्द माझाच.

शुक्रवार, ५ डिसेंबर

गाडी घेऊन गेला. पोरगी विनिता मैत्रिणीकडे झोपायला गेली, एकटाच जेवायला बसलो आणि ताट तसंच झाकून ठेवलं. चढावर इंजिनावर जोर येतो. रॉड तुटला तर ब्लॉक फोडून बाहेर येईल, आणि गरम तेल सायलेन्सरवर पडून पेटेल!

उद्या सकाळी जाऊन सांगतो. सगळं. एक दिवस आहे हातात.

शनिवार, ६ डिसेंबर

आठला कुळगावला पोचलो. भूपेशच्या दारात गाडी नाही. त्याची बायको शीला हसतच बाहेर आली. "पहाटेच गेले, भाऊजी! रविवारी गर्दी असते ना घाटात. तुमची विनितापण गेली की. काल आमच्या जिज्ञासाकडे झोपायला आली ती त्याच्यासाठीच. तुम्हाला बोलली नाय?"

फोन लावला. पोरीनं उचलला.

"बाबा, घाट चढतोय, ऐकू नाही येत! गाडी खूप वाजतेय ओ —"

लाइन गेली. पुन्हा लागत नाही. आठ वाजून बावीस मिनिटं.