नावं कापलेल्या गोष्टी

आबा, 'तुझा आवडता लेखक कोण?' या प्रश्नाचं उत्तर मला इतकी वर्षं देता आलं नाही, आणि त्याचा राग तुमच्यावरच आहे.

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात तुम्ही टॉवेलांचे गठ्ठे बांधायचात. गुंडाळायला आलेल्या रद्दीतल्या जुन्या दिवाळी अंकांतून विज्ञानकथा तेवढ्या बाजूला काढायच्या, धागे कापायच्या कात्रीने लेखकाच्या नावाची पट्टी उडवायची, आणि टॉवेलाच्याच सुताने पानं माझ्या वहीला शिवायची. लेखकांना नावं तुम्हीच ठेवलेली. मंगळावर भाकरी थापायला लावणारा तो भुकेला, यंत्रमानवाला आईची आठवण आणणारा तो रडवा. "आधी रडव्याला वाच. भुकेला जेवण झाल्यावर," असं सांगायचात आणि स्वतःच हसायचात. मी खरं नाव विचारलं, तेव्हा मात्र हसला नाहीत. "हितं पाणी पण आडनाव इचारून देत्यात. गोष्ट तरी तशी वाचू नको की."

मला ते पटलं होतं. तुम्ही गेल्यावर मी, तुमची लेक, घरातली पहिली म्हणून कॉलेजात गेले. वाचक मंडळात आवडता लेखक विचारला, तर अभिमानाने सांगितलं, रडवा. "मग हसवा कोण, तुझा बाप?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, मॅडमसुद्धा.

आता मी सात रस्त्याजवळच्या एका वाचनालयात काम करते. गेल्या महिन्यात एका शाळकरी मुलीने विचारलं, विज्ञानकथा कुणाकुणाच्या वाचू? मला एक नाव सांगता येईना. मग रोज दुपारी जुने अंक काढून वहीशी पान न् पान जुळवलं. नावं सापडली. रडवा बाई आहे, आबा. इतकी वर्षं मी तिला 'तो' म्हणत आले. तुम्ही तिचं नाव वाचलंत, कापलंत आणि तिचा पुरुष करून टाकलात. आडनावावरून माणूस पारखू नये, कबूल. पण म्हणून लिहिणारीलाच पुसायचं? तुम्ही बांधलेल्या गठ्ठ्यांवर मालकाचं नाव छापलेलं असायचं. ते तुम्हाला कधी खुपलं नाही?

वहीच्या पहिल्या पानावर मी सगळी नावं लिहिली, आडनावांसकट, बाईंचं सगळ्यात वर. वही त्या मुलीला देऊन टाकली. परत मागणार नाही. खाली, वही शिवणारे, म्हणून तुमचंही नाव घातलं. आडनावासाठी पेन टेकवलं होतं. उचललं.