अस्तरातला निळा टाका

तीर्थरूप आईस नमस्कार,

मी बरी आहे, खोली हवेशीर आहे, जेवणाची आबाळ नाही. बाबांचा गुडघा कसा आहे?

तू जिथे कपडे शिवायचीस, त्या बंद पडलेल्या चार मजली दुकानाचा इतिहास मी लिहिणार, म्हणून तू किती हरखली होतीस! काल मालकांच्या नातवानं तुमच्या माळ्यावरच्या शिवणखोलीचं पानच काढून टाकलं. "बाई, सरकत्या जिन्याचं लिहा. माळ्यावरच्या बायकांचं कोण वाचणार?" माझं डोकं सणकलं, पण तोंडून "बरं" निघालं. त्याच्यापेक्षा त्या "बरं"चाच राग जास्त येतोय.

आज दुकानातल्या जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनात काचेमागे एक कोट दिसला. पाटीवर लिहिलंय, 'संस्थापकांच्या हातचा'. रखवालदाराच्या विनवण्या करून अस्तर उलटून पाहिलं. आत तुझा निळा टाका होता, तू शिवलेल्या प्रत्येक कपड्यात गुपचूप घालायचीस तो.

तशीच नातवाकडे गेले. पान परत घाला, नाहीतर पुस्तकावरचं माझं नाव काढा, म्हटलं.

"एवढ्याशा टाक्यावरून?"

"हो. आणि ती पाटीही बदला."

ते पान आता पुन्हा लिहायला बसतेय, निळ्या टाक्यासकट. चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवू नकोस.

तुझी,
थोरली