भांड्यातला हात

नांदेड,
१४ जून २०२४

ती. शीलाअक्का यांना बबिताचा सप्रेम जयभीम.

पत्र बघून हसाल. हातात फोन असून ही बाई कागद कशाला काळे करते, म्हणाल. पण तुमचा फोन कायम स्पीकरवर आणि त्याच्याभोवती अख्खं घर. हे एकट्या तुम्हालाच सांगायचंय. नानकटाईच्या डब्यात पत्र ठेवून ट्रॅव्हल्सवाल्याकडे देते. खालची नानकटाई जरा करपलीय, ती भाऊजींना द्या.

इकडं सगळं ठीक. बेकरी चालू आहे. विष्णुपुरीची कॉलेजची पोरं अजून वाढदिवसाचे केक माझ्याकडूनच नेतात आणि अर्धा केक एकमेकांच्या तोंडाला फासतात. हल्ली मी अर्धापूरची केळी घालून एक केक करते. हे असते तर म्हणाले असते, केळं खायचं का केक, काहीतरी एक ठरव.

तुम्ही रागावलात ते कळलं. बुद्धप्रिया सुट्टीत माझ्याकडं काम शिकायला आली आणि मी तिला अर्ध्यावरच लातूरच्या बसमध्ये बसवून दिलं. ‘माझ्या पोरीनं तुझं काय सांडलं?’ असं तुम्ही विचारलंत. काही सांडलं नाही, अक्का. तिची नानकटाई माझ्यापेक्षा खुसखुशीत होते. तेव्हा मी मशीन बिघडलंय म्हणाले. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

मशीन म्हणजे तुमच्या भावानं हौसेनं घेतलेला तो मोठा मिक्सर. खाली स्टीलचं भांडं, वरून बीटर गरगर फिरतो, आणि भांड्यावर तारेची जाळी. जाळी उचलली की मशीन बंद पडावं म्हणून एक बटन दिलेलं असतं. पण आमच्यासारखे बरेच बेकरीवाले वायर जोडून ते बटन मुकं करून टाकतात. डालडा-साखर फेटताना कडेला चिकटते, ती चालू मशीनमध्ये हातानं निपटून घ्यायची. दरवेळी थांबवत बसलं तर भट्टी थोडीच थांबते! आपल्याकडं ती वायर यांनीच जोडली होती. स्वतः खुशाल हात घालायचे. माझा हात मात्र भांड्याकडं गेला की असतील तिथून ‘हात काढ!’ म्हणून ओरडत यायचे आणि मशीन बंद करायचे.

हिवाळ्यात हे गेले. त्यानंतर पहिल्यांदा भट्टी पेटवली त्या दिवशी मी कड निपटायला हात घातला आणि मशीन बंद पडलं.

मला वाटलं लाइट गेली. वर बघितलं तर पंखा फिरत होता. हात बाहेर काढून मशीन पुन्हा लावलं, तर लगेच सुरू.

मुज्तबाभाईंना बोलावलं. आमची मशीनं पहिल्यापासून तेच बघतात. त्यांनी पट्टा तपासला, व्होल्टेज मोजलं, गिअर उघडून ग्रीस भरलं. मैद्याचा भरगच्च घाणा टाकून चालवलं, कुठं अडलं नाही. मग मी हात घातला. थांबलं. ते जाळीशी वाकले. वायर जशीच्या तशी होती. त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं.

“भाभी, मशीनला बिमारी न्हाई. तिला थांबायला वजहच न्हाई.”

“मग थांबते कशी?”

“ते मला नका विचारू. तुम्ही हात नका घालू, बस.”

स्वतःचा हात त्यांनी घालून बघितला नाही. घाला, असं मीही म्हटलं नाही.

आता मुद्द्याचं लिहिते. मी हात घालतच राहिले, अक्का. कड निपटायची नसली तरी. दुपारी गिऱ्हाईक नसलं की रिकामं भांडं लावायचं, मशीन चालू करायचं आणि बोटं पुढं न्यायची. बीटरचा वारा हाताला लागायचा आणि मग सगळं गप्प. एकदा मानेमागं भट्टीची असावी तशी ऊब आली, आणि भट्टी तर थंड होती. मला भीती नाही वाटली. उलट फार बरं वाटलं, कुणीतरी अजून आपल्यावर नजर ठेवून आहे म्हणून. मग मी हात रोज जरा जास्त आत न्यायला लागले. बघू तरी, किती आत जाऊ देतात.

हे सगळं बुद्धप्रिया बघत होती. मला पत्ताच नव्हता. एका दुपारी मी बाहेर काउंटरला असताना आतून तिचा आवाज आला, “मामी, माझ्यासाठी बी थांबते का बघू!”

मी धावले. तिचा हात भांड्यात होता आणि बीटर फिरत होता. मी ‘हात काढ!’ म्हणून ओरडले. आवाज माझ्या गळ्यातून निघाला, पण माझा नव्हता. तो तुम्हीही ओळखला असता.

मशीन थांबलं. पण तिच्या नखाला लागून थांबलं. नेलपेंट खरवडलं होतं. पोरगी हसत होती.

“थांबली की, मामी! पण मामा लई इचार करून राहिले व्हते.”

त्याच दिवशी तिला बसमध्ये बसवलं. मला माझी भीती वाटली. आणि खरं सांगते, यांचीही वाटली. मी त्यांना इतकं छळलं होतं, की उद्या ते कंटाळले तर?

काल मुज्तबाभाईंनी वायर कापून नवं बटन बसवलं. पक्कड हातात घेऊन त्यांनी विचारलं, “पक्का ना, भाभी?” मी हो म्हटलं आणि पाठ फिरवून उभी राहिले. वायर तुटल्याचा आवाज तेवढा आला.

पोरीला पाठवा. तिचा हात आता सुखरूप राहील, हे मी छातीठोकपणे सांगते. जाळी जराशी उचलली की मशीन थांबतं, माझ्यासाठी, मुज्तबाभाईंसाठी, कुणासाठीही. आज सकाळपासून मी ती कितीदा तरी उचलून बघितली. दरवेळी थांबलं. बटनानं थांबलं की यांनी थांबवलं, ते मला यापुढं कधीच कळणार नाही.

अजूनही तुमच्या भावाचीच,
बबिता