पहिला ताका आणि रविवारचा डबा

आबा, काल माझ्या मुलीनं, तुमच्या नातीनं, मला फोनवरून विजेचं बिल भरायला शिकवलं. तिसऱ्यांदा. मी पुन्हा भलतीकडेच बोट लावलं तेव्हा ती जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली आणि म्हणाली, "द्या पप्पा, मीच करते." तिचा तो चेहरा मी लगेच ओळखला. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी सुरतेतल्या आपल्या बमरोलीच्या खोलीत तो माझा होता, आणि समोर तुम्ही बसलेले असायचे. कालपासून डोक्यात तुमच्याशीच बोलणं चाललंय, म्हणून शेवटी कागद घेतला. हे पाठवायचं कुठे, हा प्रश्न आहेच. पण आता इतका पुढचा विचार करायचाही कंटाळा येतो.

तुमचा एक नियम होता, पहिला ताका घ्यायचा नाही. मागावर ताण्याच्या धाग्यांचं नवं बीम चढलं, की त्यावरून उतरणारं पहिलं ठाण, म्हणजे पहिला ताका, तुम्ही कधी बाजारात जाऊ दिला नाही. तुमची पाठ कामातून गेल्यावर कारखान्याच्या शेठनं तुम्हाला मागावरून उठवून कापड तपासायला बसवलं होतं. दाराच्या उजेडात कापड धरून तुम्ही एक तुटलेला तार, म्हणजे धागा, हुडकून काढायचे आणि मान हलवायचे. असे ताके मग कामगारांतच वाटले जायचे. एका वर्षी आपल्या घरातला पडदा, मायचं पोलकं, उशांचे अभ्रे आणि माझा शर्ट, सगळं एकाच जांभळ्या फुलाचं होतं आणि प्रत्येक फुलातून एक पांढरी रेघ गेलेली. वर्गातली पोरं मला पडदा म्हणायची. मी रडत घरी आलो तर तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "पडदा बी कामनाच शे." मला तेव्हा तुमचा फार राग आला होता. आता पडदाही कामाचाच असतो, हे मीच लोकांना ऐकवतो.

मग मी कापड मार्केटातल्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं काढायला लागलो, आणि ऑफिसनं टाकून दिलेला एक कॉम्प्युटर घरी आणला. त्यावर तो खेळ होता. जुन्या काळातल्या राज्यांचा. नदीकाठी गाव वसवायचं, शेतं पिकवायची, सैन्य उभारायचं, शेजारचं राज्य घ्यायचं. तुमचं काम तेव्हा सुटलं होतं, दिवसभर ओट्यावर बसून असायचे. एका रविवारी स्टूल ओढून माझ्या शेजारी येऊन बसलात. "हाई कोनं गाव शे?" मी म्हणालो, "आपलंच समजा." तिथेच माझं चुकलं. त्या दिवसापासून ते खरोखर आपलं गाव झालं. पलीकडच्या राजाला तुम्ही शेठ म्हणायला लागलात. मी सैन्य काढायला गेलो, की तुमचं बोट कॉम्प्युटरच्या काचेवर. "इतला लोके खातीन काय? पहिले कोठार बांध." मी कोठार बांधायचो. ते भरलं, की तुम्ही दुसरं बांधायला लावायचे. चार-चार महिने रविवार-रविवार बसून आपण एकही लढाई केली नाही, आबा. आपल्याकडे सहा कोठारं होती आणि तलवारी अकरा.

खरं सांगायचं तर मी थकलो होतो. आठवड्याचे सहा दिवस पडद्यावर कैऱ्या आणि वेली काढायच्या, व्यापाऱ्यानं सांगितलं, की पान डावीकडचं उजवीकडे करायचं, मग पुन्हा डावीकडे. सातव्या दिवशी त्याच डोळ्यांनी त्याच पडद्यावर तुमची कोठारं. प्रत्येक गोष्ट तीनदा सांगावी लागायची. ही बाई कुठे चालली, हा बैल का थांबला, पाऊस कधी येणार. सुरुवातीला मी हसून सांगायचो. नंतर खिडकीबाहेर बघायला लागलो.

त्याच सुमाराला त्या खेळाचा नवा भाग येणार असं एका मासिकात वाचलं. मोठा नकाशा, जहाजं, खऱ्या इतिहासातल्या लढाया. रिंगरोडच्या दुकानदारानं सोमवारचा वायदा दिला, "सोमवारे आवी जशे, भाई." मी उत्साहाच्या भरात तुम्हाला सांगून बसलो. तुम्ही सगळं नीट ऐकून घेतलं, मासिकातलं चित्र खिडकीपाशी नेऊन उजेडात धरून पाहिलं आणि मान हलवली. "पहिला ताका शे. थांब. दुसरा येऊ दे, मंग दोन्ही जन खेळूत." मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो, असं आज वाटतं, पण खात्री नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी दुकानात गेलो, फक्त बघायला. खोकं हातात घेतलं, ठेवलं, पुन्हा घेतलं. तुमचं म्हणणं मला पटत होतं. नवीन वस्तूत खोड निघणारच, चार महिने थांबलं तर काही बिघडत नाही, हे कापडाच्या धंद्यात वाढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. पण तुमचे "दोन्ही जन" हे शब्द कानात घोळत होते. पुन्हा ते स्टूल, पुन्हा काचेवर बोट, पुन्हा पहिले कोठार. मला जगात एक गोष्ट अशी हवी होती, की जी कुणाला समजावून सांगावी लागणार नाही. मी खोकं घेतलं, ऑफिसात नेलं आणि टेबलाच्या खालच्या खणात ठेवलं. घरी सांगितलं, अजून आला नाही.

ऑफिसची किल्ली माझ्याकडेच असायची. पुढच्या रविवारी मी म्हणालो, अर्जंट डिझाइन आहे, व्यापारी डोक्यावर बसलाय. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. तुम्ही कॉम्प्युटरवरचं फडकं काढून, स्टूल पुसून ठेवलेलं असायचं. मी चपला घालायला लागलो, की ते फडकं पुन्हा वर टाकायचे आणि मायला म्हणायचे, "त्याले डबा दे." मी नको म्हणालो तर तुम्ही ओट्यावरून हाक मारायचे, "डबा ली जाय. आज बाहेर काहीच भेटत नही." मी डबा घेऊन निघायचो.

आणि तो खेळ खरंच पहिला ताका निघाला. जहाजं झकास होती, लढाया झकास होत्या, पण खेळातल्या तिसऱ्या वर्षाचा हिवाळा आला आणि कोठारातलं धान्य वाटायला सुरुवात झाली, की पडदा जागीच थिजायचा. काही दाबा, हलायचा नाही. दर वेळी तिथेच. दुकानदार म्हणाला, दुरुस्त केलेला भाग काही महिन्यांनी मासिकाबरोबर येईल. मी त्या बंद ऑफिसात एकटाच हसलो होतो. नेमकं कोठार. ही गंमत सुरतेत ज्या एका माणसाला कळली असती, त्याच्यापासूनच मी ती लपवत होतो.

मग तुमच्या छातीचं दुखणं निघालं आणि तुम्ही खाटेवरच राहिलात. खोकला थांबला, की विचारायचे, "दुसरा ताका उना का रे?" मी म्हणायचो, नाही आला, आबा. ते खोटंही नव्हतं, दुरुस्त केलेला भाग खरंच आला नव्हता. तुम्ही म्हणायचे, "घाई नको." मला तेव्हा सांगता आलं असतं, की तुमचं बरोबर होतं, पहिल्या ताक्यात तार तुटलेला आहे, आणि तोही कुठे तर कोठारात. तुम्ही किती खूश झाला असता. पण ते सांगायचं तर मी घेतला हे सांगावं लागलं असतं, आणि रविवारचंही. मी तुमचं पांघरूण सारखं करत राहिलो. दुरुस्तीची तबकडी तुम्ही गेल्यावर दुसऱ्या महिन्यात आली. मी ती कधी घातली नाही.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की तुम्हाला काही कळलं नव्हतं. काल मुलीनं हातातून फोन घेतला. तिचा कंटाळा मला दिसला होता, पण तिला वाईट वाटू नये म्हणून मी चष्मा पुसत बसलो. तेव्हा तुमचं ते डब्याचं वाक्य मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं. आज बाहेर काही मिळत नाही. रविवारी अख्खं मार्केट बंद असतं, आबा. चहाची टपरीसुद्धा बंद असते. आयुष्य सुरतेत काढलेल्या माणसाला हे माहीत नसणार होय? त्या दिवशी कुणाही व्यापाऱ्याचं काही अर्जंट नसतं, हे तुम्हाला पहिल्याच रविवारी कळलं असणार. तुम्ही फक्त मी उपाशी राहू नये एवढं बघितलं.

डब्यात भाकरी असायची आणि ठेचा. उजवा हात माउसवर असायचा. मी डाव्या हातानं खायचो, पडद्यावरची नजर न काढता.