पंधरा हजार किलोमीटरचं ऑइल

१६ मार्च २०२५, रविवार
व्हॅनचं ऑइल बदलायला आलं. पुढच्या रविवारी काढायचं. मी कोणाला बोललो नाही, तरी सकाळी शेजारचा लाडक्या कुंपणावरून विचारून गेला, तुळशीभाऊ, ऑइल कवा काढनार? माझ्या गाडीचे किलोमीटर मला नसतील इतके त्याला पाठ.

दर दोन महिन्यांनी हाच तमाशा. मी दारात ऑइल काढायला बसलो की अख्खा पाडा बाटल्या आणि डबे घेऊन हजर. जळकं ऑइल घराच्या खांबांना फासलं की वाळवी लागत नाही, म्हणून. निघतं जेमतेम तीन लिटर, माणसं दहा. ऑइल निथळायला अर्धा तास पुरतो, ही मंडळी दुपारपर्यंत हलत नाहीत. वर चहा मी करायचा. आधी माझी बायको सुनिता करायची. ती जाऊन तीन वर्षं झाली, चहा काही बंद झाला नाही.

अर्थात ऑइल हे निमित्त. येतात ती माझं ऐकायला. रोज मोखाडा-जव्हार दोन खेपा करणारा माणूस मी, चार गोष्टी जास्त कळतात. पण मला माझा रविवार हवा की नको? यावर कायमचा उपाय करणार.

१८ मार्च, मंगळवार
जव्हारला दुसऱ्या खेपेला प्रवासी भरेपर्यंत मंगेशच्या स्पेअरपार्टच्या दुकानात गेलो. उपाय सापडला. फुल्ली सिंथेटिक, लाँग लाइफ. साधं ऑइल पाच हजार किलोमीटर चालतं, हे पंधरा हजार! मी टेक्निकल प्रश्न विचारले. मंगेश म्हणाला, काका, सगळं डब्यावर लिहिलंय. चष्मा घरी होता, तरी डबा फिरवून फिरवून पूर्ण वाचला.

भाव तिप्पट. घासाघीस केली नाही, टेक्निकल माणूस करत नाही.

रात्री हिशेब मांडला. वर्षाला सहा रविवार वाया जायचे, आता दोन. चार रविवार वाचले. या चार रविवारांत माणूस काय काय करू शकतो!

२३ मार्च, रविवार
जुनं काढलं, सिंथेटिक भरलं. मीटर १,४२,६००. चिठ्ठी लिहून डॅशबोर्डला चिकटवली: पुढचं ऑइल १,५७,६००.

सगळे आले होते. चहा दोनदा झाला. मी सिंथेटिकवर वीस मिनिटं बोललो. रेणू कसे सगळे एका मापाचे असतात वगैरे. फागूला झोप लागली, पण तो रात्रपाळीचा माणूस. शेवटच्या घरातल्या माघीमावशीनं विचारलं, मंग पुढला कवा निगल? म्हटलं, सप्टेंबर. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. नवीन तंत्रज्ञान पचायला वेळ लागतो.

लाडक्यानं आज एकाऐवजी दोन बाटल्या भरून नेल्या. मावशी उठताना म्हणाली, पावसाच्या आदी अजून चार खांब राह्यलंत माझं. मी म्हटलं, मावशी, जगाच्या पुढं जायचं तर थोडा त्याग करावा लागतो. ती बाटलीचं बूच घट्ट करून निघाली. पटलं असावं.

३० मार्च, रविवार. पाडवा
पहिला मोकळा रविवार. काय ती शांतता! संकल्प: पहाटे उठणे. फिरणे. घराचं छप्पर शेकारणे. इंग्रजी सुधारणे.

साडेआठला उठलो. संध्याकाळी जव्हारजवळ शिरपामाळच्या टेकडीवर फिरायला गेलो. वारा छान होता. सगळे जोडीनं किंवा घोळक्यानं आलेले. एका जोडप्यानं माझ्या हातात मोबाईल दिला, फोटो काढा म्हणून. काढला. चांगला आला. तुमचाही काढू का, असं त्यांनी विचारलं नाही, आणि मला तरी स्वतःचा फोटो घेऊन करायचा काय होता?

६ एप्रिल, रविवार
कोणी आलं नाही. येणार नव्हतंच, ऑइल काढायचं नव्हतं. पण नुसतं सहजसुद्धा कोणी नाही. विचार केला. कारण उघड आहे, माझ्या रविवारचा मान ठेवतायत. मीच सांगितलं होतं ना, मला वेळ हवाय.

सवयीनं पातेलंभर चहा टाकला गेला. दिवसभर तोच गरम करून प्यायलो. ॲसिडिटी.

१० एप्रिल, गुरुवार
दिवसभर गाडीत माणसं असतात, पण ती बोलतात आपापसात. ड्रायव्हरला फक्त थांबा म्हणतात. आज पुढच्या सीटवर पंचायत समितीतले एक साहेब बसले होते. त्यांना सिंथेटिकबद्दल सांगायला घेतलं. घाट लागेपर्यंत त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, गाणी लावता का?

ऑइल मात्र उत्तम. इंजिनाचा आवाज कमी झालाय. इतका कमी की मागचे काय बोलतात ते सगळं ऐकू येतं. माझ्याबद्दल कोणी बोलत नाही.

१३ एप्रिल, रविवार
भाजी आणायला मोखाड्याला गेलो. नाक्यावर सावळा नावाच्या पोरानं गॅरेज टाकलंय, मोटरसायकलींचं. त्याच्या दारात पिंपभर जळकं ऑइल आणि भोवती आमचा पाडा! लाडक्या, फागू, ढवळू, सगळे. माघीमावशी टायरवर बसून चहा पीत होती. सावळा काहीतरी सांगत होता आणि हे हसत होते. सावळा दहावी नापास आहे. तो काय सांगणार?

मी हॉर्न दिला. लाडक्यानं हात वर केला आणि परत तिकडं बघायला लागला. उतरलो नाही. भाजीही राहिली.

एकटं वाटलं. असलं काही लिहिणार नव्हतो, पण वही माझीच आहे. घरी येऊन सुनिताच्या फोटोला सांगितलं, तुझ्या चहाची माणसं दुसरीकडं बसायला लागली.

१५ एप्रिल, मंगळवार
महत्त्वाचा शोध! गाडीचं पुस्तक काढून नीट वाचलं, चष्म्यासकट. धूळ, घाट, वरचेवर थांबणं, ओझं, अशा कठीण परिस्थितीत ऑइल लवकर बदलावं असं छापलंय. आमच्या रस्त्याला यातलं काय नाही? म्हणजे पंधरा हजार हे मुंबई-पुण्याच्या गाड्यांसाठी. आपल्याकडं निम्म्यावर आणायला हवं. निम्मं म्हणजे साडेसात हजार. त्यात घाट धरून पाच. धूळ धरून आणखी कमी. सायन्सनं बघितलं तर या रविवारीच काढलेलं बरं.

भावनेचा यात काही संबंध नाही.

१७ एप्रिल, गुरुवार
लाडक्याला कुंपणावरून सांगितलं, रविवारी ऑइल काढतोय. म्हणाला, सप्टेंबर ना? म्हटलं, कठीण परिस्थिती आहे. त्यानं माझ्याकडं जरा बघितलं, म्हणाला, बरं हाय ना भाऊ? मी त्याला घाटाचं समजावलं. बघतो म्हणाला. मावशीच्या घरीही सांगून आलो, फागूकडंही. पारले-जीचा मोठा पुडा आणला.

२० एप्रिल, रविवार. सकाळी ७
इंजिन तापवायला फाट्यापर्यंत जाऊन आलो. मीटर १,४५,१००. अंगण झाडलं. दहा कप मांडले.

सकाळी ८
नट खोलला. ठिबकतंय. रंग मधासारखा. टेक्निकली बघायला गेलं तर जरा लवकरच काढलं म्हणायचं.

सकाळी ९.३०
निथळून कधीच झालं. अजून कोणी नाही. रविवारी माणसं उशिरा उठतात.

सकाळी १०.१५
माघीमावशी आली! हातात बाटली. वाकून डब्यात बोट बुडवलं, चोळलं, वास घेतला. म्हणाली, ह्या तं नवाच हाय रं. जळलाच नाय. ह्यानं वाळवी कशी मरल? मी रेणूंचं सांगायला लागलो. ती मधेच म्हणाली, बाकीची सावळाकडं गेलीत, माझं पाय दुकतात, गाडीनं सोडतो का तिथवर?

म्हटलं, मावशी, गाडीत ऑइल नाही.

तिनं डब्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. चहा तरी घे म्हटलं. म्हणाली, येताना घेईन. बाटली रिकामीच काखेत मारून चालत गेली.

दुपारी १.३०
येताना ती खालच्या वाटेनं गेली असणार. ती वाट सावलीची आहे. बिस्किटं सादळली.

संध्याकाळी ५.३०
ऑइल जुन्या धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळून परत इंजिनात ओतलं. लेव्हल बरोबर भरली. गाडी चालू करून बघितली, आवाज जराही नाही. मंगेश खोटं बोलला नव्हता, माल एक नंबर आहे. आणखी साडेबारा हजार किलोमीटर याला काही होणार नाही.